वेळ गेला की गेली?

यंदा जुलै संपता संपता नात आली, तीन आठवडे राहायला. वय अकरा, राहणार रेडिंग, इंग्लंड. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, तर पेपराच्या वरच्या कडेवरून डोकं काढून म्हणाली, "आबा, मला तुझ्याबरोबर वेळ खर्च करायचाय."

हिने स्वयंपाकघरातून ऐकलं. "कर की! पण मोड आणलीयस ना? आबांकडे कधी सुट्टे नसतात."

पोरगी गोंधळली. तिचं मराठी तसं चांगलं आहे. 'ळ'सुद्धा स्वच्छ म्हणते. फक्त वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं आणि मग त्याच्या अंगावर मराठी शब्द चढतात, उलटा सदरा घालावा तसे. मला हसू आलं नाही. मी स्वतः सदतीस वर्षं हेच केलंय, फक्त माझी गाडी अप होती आणि तिची डाउन.

मी रेल्वेत गार्ड होतो. १९८१ साली मालगाडीवर लागलो, २०१८ साली मेल-एक्स्प्रेसवरून रिटायर झालो. (२०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. माझ्या पेन्शनीत त्याने दमडीचा फरक पडलेला नाही.) शिक्षण यावल तालुक्यात, मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. आणि नोकरी अशी की प्रत्येक खेपेला इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. त्या रिपोर्टात दुसरं असतं काय? वेळच. गाडी कधी सुटली, कधी पोचली, मधली मिनिटं कुठे गेली.

पहिल्याच वर्षी एका जंक्शनच्या आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, आमची मालगाडी पाऊण तास उभी राहिली. मी रिपोर्टात लिहिलं, "मच टाइम वेंट ॲट आउटर." आउटरला फार वेळ गेला. यात चूक काय ते मला आजही पटकन दिसत नाही. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. 'वेंट'भोवती लाल पेनाने गोल केलेला. म्हणाले, "टाइम कुठे गेला? बाजारात गेला?" मी गप्प. "टाइम डझन्ट गो. समबडी लूजेस इट. हू लॉस्ट इट?"

मग त्यांनीच खाली लिहून दाखवलं: लॉस्ट ४५ मिनिट्स ॲट आउटर, नो लाइन क्लिअर, ट्रॅफिक अकाउंट. म्हणजे पुढची लाइन मोकळी नव्हती म्हणून पंचेचाळीस मिनिटं हरवली आणि ती ट्रॅफिक खात्याच्या नावे मांडली. इंजिन बिघडलं तर लोकोच्या नावे, डब्याचं काही असेल तर कॅरेज अँड वॅगनच्या. हरवलेल्या प्रत्येक मिनिटाला बाप लागतो, हे मी त्या दिवशी शिकलो. आमच्या मराठीत 'वेळ गेला' म्हटलं की वेळ आपणहून उठून गेलेला असतो. कोणावर आळ नाही, कोणाचा मेमो नाही.

घरातली चारचौघांची वाक्यं घेऊन बघा. मला वेळ झाला. मला वेळ मिळाला नाही. तिथे वेळ लागला. सगळीकडे वाक्याचा मालक वेळ, आणि आपण बिचारे 'मला', 'तुला' करत कडेला उभे. इंग्रज तेच म्हणताना 'आय' पुढे करतो: मी लेट आहे, माझ्याकडे टाइम नव्हता, मी टाइम घेतला. नवऱ्याने "वेळ झाला गं" म्हणणं आणि "आय ॲम लेट" म्हणणं यात गुन्हा कबूल करण्याइतका फरक आहे. मी कायम पहिलं म्हणत आलो.

हरवलेला वेळ भरून काढला तर त्यालाही शब्द होता, 'मेड अप'. ड्रायव्हरने सेक्शनमध्ये आठ मिनिटं 'मेक-अप' केली, असं आम्ही बोलायचो. लग्नानंतर पहिल्यांदा हिने हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं ड्रायव्हर पावडर लावतो.

तर नातीला मी म्हटलं, वेळ खर्च करायचाच आहे तर हिशेब ठेवू. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि 'टाइम'च्या आधी इंग्रजीत कुठली कुठली क्रियापदं येतात ती लिहायला बसवलं. स्पेंड, सेव्ह, वेस्ट, बाय, बॉरो, लूज, गेन, फाइंड, मेक, टेक, गिव्ह, कीप, टेल, किल, पास, बीट. न थांबता लिहीत गेली. यात नवल नाही. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २००६ साली मोजून सांगितलं होतं की इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं नाम 'टाइम' हेच आहे. त्याच्या खालोखाल 'पर्सन', मग 'इयर'. माणसाचा नंबर दुसरा.

यादीतली पहिली पाच-सहा क्रियापदं सरळ दुकानातली आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ साली एका तरुण धंदेवाल्याला उपदेश लिहिला, त्यात 'टाइम इज मनी' हे बजावून सांगितलं. तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, इंग्रजी बोलणारा माणूस वेळ गल्ल्यात ठेवतो. नातीने तर पुरावाच दिला: तिकडे गाडी ठरावीक मिनिटांपेक्षा उशिरा आली तर तिकिटाचे काही पैसे परत मागता येतात. मी म्हटलं, बरं झालं मी तिकडे गार्ड नव्हतो.

आपण या दुकानात जातच नाही असं मात्र नाही. 'वेळ वाचला' म्हणतो. पण आपल्याकडे वेळ वाचतो तो पैशासारखा की जीव वाचतो तसा? मला दुसरं वाटतं. अपघातातून वाचावा तसा वेळ वाचतो. आणि वेळ 'काढतो'. आडातून पाणी काढावं तसा, म्हणजे तो खाली कुठेतरी असतोच, पोहरा टाकायचा कंटाळा असतो. इंग्रज 'मेक' करतो. नातीने एक दिवस म्हटलंच, "मम्मा माझ्यासाठी वेळ बनवते." हिने विचारलं, "कुकरमध्ये का?"

एक शब्द मात्र दोन्हीकडे सारखा निघाला. 'वेळखाऊ काम' आणि 'टाइम-कन्झ्यूमिंग'. कन्झ्यूम म्हणजेही फस्त करणं. इथे दोघे एकाच ताटात जेवले.

'पास'पाशी आल्यावर मला टाइमपास आठवला. आमच्या गाड्यांत खारे शेंगदाणे विकणारी पोरं पुड्यांचं नावच 'टाइमपास' ठेवतात. "टाइमपास, टाइमपास" ओरडत डब्यातून जातात. नातीला हा शब्द माहीत नव्हता, तिला वाटलं आपण इंग्रजीची मोडतोड केली. मी डिक्शनरी काढायला लावली. 'पॅस्टाइम' म्हणजे विरंगुळा. तो शब्द 'पास' आणि 'टाइम' मिळूनच झालेला, फ्रेंचवरून बेतलेला. शेंगदाणेवाल्याने फक्त डबे उलटे जोडलेत.

खरी गंमत 'किल'वर झाली. 'किल टाइम' म्हणजे नुसता बसून वेळ घालवणं. नातीने भाषांतर केलं 'वेळ मारणे' आणि खुशीत सांगितलं की हे आजीने कालच म्हटलंय. म्हटलं होतंच. आदल्या संध्याकाळी अचानक पाहुणे आले, दूध नासलेलं, हिने लिंबाचं सरबत करून दिलं आणि ते गेल्यावर म्हणाली, "मारून नेली कशीबशी वेळ." आता, ते सरबत ढवळताना हिला रिकामं बसायला क्षणही मिळाला नव्हता. किल टाइमच्या अगदी उलट. समजावून सांगायला गेलो तर पोरीने भलतंच पकडलं.

"आजी म्हणाली वेळ मारून *नेली*. तू म्हणतोस वेळ *गेला*. वेळ 'ही' आहे की 'शी'?"

मला उत्तर येईना. पासष्ट वर्षं मराठी बोलतोय आणि हा प्रश्न कधी पडला नाही. "दोन्ही," म्हटलं आणि चहा मागितला, म्हणजे मीही वेळ मारूनच नेली.

रात्री झोप आली नाही. गार्डाची सवय, रात्री दोनला डोकं साफ चालतं. अंथरुणात पडल्या पडल्या वाक्यं जुळवली. वेळ लागला, वेळ गेला, वेळ घालवला, वेळ काढला, वेळ पुरला नाही: हे सगळे 'तो'. वेळ आली, वेळ ठरली, वेळ पाळली, वेळ चुकली, वेळ साधली, वेळ टळली: या सगळ्या 'ती'. मोजून वापरायचा, लांबणारा, संपणारा तो पुल्लिंगी. ठरलेली, येऊन ठेपणारी, गाठायची किंवा हुकायची ती स्त्रीलिंगी. बोलताना माणसं सरमिसळ करतात, पण कान लावून ऐकलं तर बहुतेक वेळा बरोबर निघतं.

आणि 'झाला', 'झाली' बघा. "यायला वेळ झाला" म्हणजे उशीर केला. "यायची वेळ झाली" म्हणजे अजून उशीर झालेला नाही, निघा. एका वेलांटीवर गाडी सुटते किंवा सापडते.

सकाळी नातीला शिकवायला मी दवाखान्याचं उदाहरण घेतलं. डॉक्टरांनी वेळ दिली: म्हणजे मंगळवारी साडेदहाला या म्हणाले. डॉक्टरांनी वेळ दिला: म्हणजे घाई न करता अर्धा तास बसून सगळं ऐकून घेतलं. आजकाल पहिली मिळते, दुसरा मिळत नाही. तिने लगेच इंग्रजी केलं. "ही गेव्ह मी अ टाइम. ही गेव्ह मी टाइम." म्हणजे आपण जे काम लिंगाकडून करून घेतो ते इंग्रजी त्या एवढ्याशा 'अ'कडून करून घेतं! मी इतका खूश झालो की फिरायला जाताना रिटायर मंडळींच्या कट्ट्यावर जाहीर करायचं ठरवलं.

पाच मिनिटांत पोरीने नियम मोडला. "पण आबा, अ लाँग टाइम?" तिथेही 'अ' आहे, आणि आपल्याकडे 'खूप वेळ', पुल्लिंगी. कट्ट्यावर काही बोललो नाही.

पण 'लाँग'ने वेगळंच दाखवलं. इंग्रज वेळ पट्टीने मोजतो: लाँग टाइम, शॉर्ट टाइम. आपण मापट्याने: खूप वेळ, थोडा वेळ, बराच वेळ, इतका वेळ. 'लांब वेळ' कोणी म्हणत नाही. माझ्या त्या 'मच टाइम'चं मूळ इथे होतं. आपल्याला वेळ धान्यासारखा दिसतो, त्यांना रुळासारखा. (संस्कृताळून 'दीर्घकाळ' म्हणतो, तो भाग वेगळा.)

बाकी विशेषणांत फार दम नाही. 'स्पेअर टाइम' मला कधी आवडला नाही, स्टेपनीच्या चाकासारखा वाटतो. 'फ्री टाइम' म्हणजे मोकळा वेळ, ठीक. 'क्वालिटी टाइम' हा प्रकार मुलगा फोनवर बोलतो. हिच्या मते ज्या घरात रोज वेळ असतो तिथे त्याची क्वालिटी कोणी तपासत नाही. आपला 'फावला वेळ' मला या सगळ्यांहून सरस वाटतो. फावणं म्हणजे सवड होणं, आणि 'त्याचं चांगलंच फावलं' म्हणजे आयती संधी मिळाली. सवड आणि थोडीशी लबाडी एकाच शब्दात.

एक मात्र खास रेल्वेचं. 'राइट टाइम'. फलकावर 'राइट टाइम' लिहिलेलं असलं की गाडी वेळेवर. एका काळी हे 'राइट' ठरवणंच अवघड होतं. मुंबईची घड्याळं स्वतःच्या टायमावर चालत आणि रेल्वे मद्रास टायमावर, अर्ध्या तासाचा फरक. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाचा एक स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबईत जुना 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता, एकोणचाळीस मिनिटं मागे. लोकल टाइम, रेल्वे टाइम, स्टँडर्ड टाइम: या विशेषणांच्या फरकाने लोकांच्या गाड्या चुकत होत्या. माझे वडील गाडी चुकली तर वेळेचं नावही काढत नसत, "आज खोटी झाली", म्हणजे खोळंबा झाला, एवढंच म्हणत. तोच 'खोटी' अजून मुंबईत "टाइम खोटी करू नको" म्हणताना जिवंत आहे.

'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' यात तिकडची मुलंही गडबडतात म्हणे. मराठी पोराला हे शिकवावं लागत नाही. ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत: वेळेवर, वेळेत. गाडी वेळेवर येते, प्रवासी वेळेत पोचतो. नातीने वहीत चौकट करून ठेवलं.

मग एका रात्री साडेदहा झाले तरी बाई मोबाइल सोडेना. तिचा बाप लॅपटॉपवरून ओरडला, "इट्स हाय टाइम यू वेंट टु बेड!" मी म्हटलं, थांब. झोपायला जायचंय अजून, मग 'वेंट' का? भूतकाळ कशाला? (या 'वेंट'ने माझा पिच्छा सोडलेला नाही.) मुलाने सांगितलं की 'इट्स टाइम'नंतर तसंच येतं, कारणबिरण विचारू नका. हिने कपडे घड्या घालता घालता उत्तर दिलं: "त्यात काय! आपण नाही म्हणत, 'आता झोपलेलं बरं'?" खरंच की. झोपलेलं, निघालेलं, गेलेलं बरं. न झालेल्या गोष्टीला झाली म्हणून पुढे ढकलायचं. दारात चपला शोधताना आपण "निघालोच" म्हणतो तेही तेच. माझी चार दशकांची नोकरी आणि मुलाची इंग्लंडातली डिग्री यांवर हिने घड्या घालता घालता मात केली.

आणि 'किती वाजले?' या प्रश्नात तर वेळ नावालाही नाही. इंग्रज 'व्हॉट इज द टाइम' विचारतो. आपण विचारतो, किती टोले पडले. आमच्या गावात तास वाजवणारं घड्याळ कुठे होतं देव जाणे, पण भाषेत ते अजून वाजतंय. नातीला हे इतकं आवडलं की दिवसभर "आबा, किती ठण ठण?" चालू होतं.

'टाइम' शब्दाचा भाऊ 'टाइड'. आता भरती-ओहोटीला म्हणतात, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेळ असाच होता. आणि आपली वेळ आली संस्कृत 'वेला'वरून. तिचे अर्थ वेळ, मर्यादा, समुद्राचा काठ आणि भरतीसुद्धा. मी भुसावळचा माणूस, समुद्र कधीमधी पाहिलेला. पण दोन दूरच्या भाषांना वेळ म्हटल्यावर पाणीच आठवलं, हे वाचून बरं वाटलं. 'वेळ आली', 'वेळ टळली' म्हणताना लाट दिसते की नाही?

निघायच्या आदल्या रात्री तिला मी घाटाजवळची गोष्ट सांगितली. पावसाळी रात्र, गाडी मध्येच उभी. दिवा घेऊन खाली उतरलो, चुकीच्या बाजूला. पलीकडच्या लाइनवरून मालगाडी आली, आवाज पावसात मिसळलेला. ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डाच्या डब्याच्या, दांड्याला चिकटलो, पॅन्ट फडफडून शांत झाली. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती."

नातीने वहीत इंग्रजी लिहिलं: "टाइम हॅड कम, बट द टाइम हॅड नॉट कम." बराच वेळ बघत बसली. "याला सेन्स नाही," म्हणाली. मी म्हटलं, इंग्रजीत नाही. तिकडे एकच शब्द, त्यालाच यायचं आणि त्यालाच यायचं नाही. आपल्याकडे दोघं आहेत. काळ पुल्लिंगी, रेड्यावर बसून येतो. वेळ स्त्रीलिंगी, ती दारात उभी राहून त्याला परत पाठवते. हे दुसरं मी तिथल्या तिथे रचलं, पण तिने तेही लिहून घेतलं.

परत जाताना तिने मला एक पान दिलं, माझ्या जुन्या रिपोर्टासारखे रकाने आखलेलं. तीन आठवड्यांचा हिशेब. 'वेळ किती', 'कशात', 'कोणामुळे'. पत्ते: दोन तास, आजीमुळे. रिक्षा शोधणे: पंचवीस मिनिटं, आबांमुळे. भरीत होईपर्यंत: पाऊण तास, वांग्यामुळे. शेवटची ओळ विमानतळावरून फोटो काढून पाठवली. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं होतं. वेळ: चाळीस मिनिटं. कशात: खुर्चीत. कोणामुळे, या रकान्यात तिने आधी काहीतरी लिहून खोडलंय, आणि वर लिहिलंय, 'आपोआप गेला'.